सूळ (शिक्षा)

सूळ ही देहान्त शासनाची एक प्राचीन आणि अत्यंत क्रूर पद्धत होय. या शिक्षेत जमिनीत रोवलेल्या, टोक काढलेल्या लाकडी किंवा लोखंडी खांबावर दोषी व्यक्तीचे शरीर आरपार खुपसले जात असे व ती मरेपर्यंत, कित्येकदा मृत्यूनंतरही, त्याच स्थितीत लोकांच्या नजरेसमोर ठेवली जात असे. संस्कृत ग्रंथांत या शिक्षेला शूलारोपण म्हटले आहे. मराठीत ‘सुळी देणे’, ‘सुळावर चढवणे’ किंवा ‘सुळावर देणे’ असे शब्दप्रयोग रूढ आहेत. मेसोपोटेमिया, इजिप्त, इराण, भारत, पूर्व युरोप, उस्मानी साम्राज्य आणि आग्नेय आशिया अशा परस्परांपासून दूर असलेल्या प्रदेशांत ही शिक्षा वेगवेगळ्या काळी प्रचलित होती. राजद्रोह, दरोडा, घरफोडी, पतीची हत्या आणि युद्धातील प्रतिकार ही ती देण्याची प्रमुख कारणे होती. एकोणिसाव्या शतकात ती जवळजवळ सर्वत्र बंद पडली.

व्युत्पत्ती आणि अर्थ

मराठी ‘सूळ’ हा शब्द संस्कृत ‘शूल’ या शब्दापासून आला आहे. शूल म्हणजे टोकदार शस्त्र, भाला किंवा मांस भाजण्याची सळई. त्रिशूळ आणि शूलपाणी या शब्दांत हाच अर्थ आहे. टोचल्यासारखी तीव्र वेदना या अर्थानेही हा शब्द वापरला जातो. पोटशूळ व कपाळशूळ ही त्याची उदाहरणे होत. शस्त्र, वेदना आणि शिक्षा हे तीनही अर्थ एकाच शब्दात सामावलेले आहेत.

हिंदी व उर्दूत ‘सूली’ हा शब्द पुढे फाशी आणि क्रूसावरील मृत्यू यांसाठीही वापरला जाऊ लागला. मराठीतही ‘सुळी देणे’ हा प्रयोग सैलपणे ‘फाशी देणे’ या अर्थाने आढळतो. त्यामुळे जुन्या कागदपत्रांत किंवा कथांत ‘सूळ’ शब्द आला म्हणजे प्रत्येक ठिकाणी शूलारोपणच अभिप्रेत असेल असे नाही. मराठी बायबलमध्ये येशू ख्रिस्ताच्या मृत्यूसंदर्भात ‘वधस्तंभ’ हा वेगळा शब्द योजलेला आहे. तमिळ भाषेत या शिक्षेला ‘कळुवेट्रम्’ आणि तिच्या खांबाला ‘कळुमरम्’ असे म्हणतात.

असाच संदिग्धपणा इतर भाषांतही आहे. प्राचीन ग्रीक भाषेत खांबावर खुपसणे, खांबाला टांगणे आणि क्रूसावर देणे या क्रियांसाठी वापरलेली क्रियापदे एकमेकांपासून काटेकोरपणे वेगळी नव्हती. हिब्रू बायबलमधील एस्तेरच्या पुस्तकात हामान नावाच्या मंत्र्याला पन्नास हात उंच ‘लाकडा’वर मारल्याचे वर्णन आहे. काही भाषांतरकार त्याचा अर्थ फाशीचा खांब असा करतात, तर काही सूळ असा करतात.

स्वरूप

सुळाच्या शिक्षेचे ढोबळमानाने दोन प्रकार होते. पहिल्या प्रकारात खांब शरीराच्या लांबीच्या दिशेने घातला जाई. दुसऱ्या प्रकारात तो छातीतून, पोटातून किंवा बरगड्यांखालून आडवा जाई. ॲसिरियन शिल्पांत दिसणारा प्रकार मुख्यतः बरगड्यांखालून खुपसण्याचा आहे. उस्मानी प्रदेशातील आणि पूर्व युरोपातील वर्णने बहुधा पहिल्या प्रकाराची आहेत.

मृत्यू येण्यास लागणारा वेळ खांबाची जाडी, टोकाची धार, त्याची दिशा आणि कोणत्या अवयवांना इजा झाली यांवर अवलंबून असे. हृदय, यकृत किंवा मोठ्या रक्तवाहिन्या फाटल्यास काही मिनिटांत मृत्यू येई. महत्त्वाचे अवयव टाळून खांब घातला गेल्यास रक्तस्राव, तहान व जंतुसंसर्ग यांमुळे व्यक्ती कित्येक तास, प्रसंगी एकदोन दिवस तडफडत राही. काही ठिकाणी आधी ठार मारलेल्या व्यक्तीचा मृतदेह किंवा केवळ शिर खांबावर लावले जाई. अशा वेळी सूळ हे मृत्यूचे साधन नसून विटंबनेचे व जरब बसवण्याचे साधन असे.

ही शिक्षा नेहमी उघड्यावर, म्हणजे नगराच्या वेशीजवळ, रस्त्याच्या कडेला, स्मशानात किंवा किल्ल्याच्या तटासमोर दिली जाई. मृतदेह उतरवण्यास व त्यावर अंत्यसंस्कार करण्यास पुष्कळदा बंदी असे. ज्या समाजांत अंत्यसंस्कारांवर मृताची परलोकातील गती अवलंबून मानली जाई, तेथे ही बंदी म्हणजे मृत्यूनंतरही चालू राहणारी शिक्षा होती.

प्राचीन पश्चिम आशिया आणि इजिप्त

सुळाचा सर्वांत जुना कायदेशीर उल्लेख बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या संहितेत आढळतो. इ.स.पू. सुमारे १७५० मधील या संहितेच्या १५३ व्या कलमानुसार परपुरुषासाठी आपल्या पतीची हत्या घडवून आणणाऱ्या स्त्रीला सुळावर देण्याची शिक्षा सांगितली आहे. मध्य ॲसिरियन कायद्यांत स्वतःचा गर्भपात घडवून आणणाऱ्या स्त्रीला सूळ सांगितला असून तिचे दफन करू नये असेही म्हटले आहे. गर्भपाताच्या प्रयत्नात ती मरण पावली असली तरीही तिचा देह सुळावर द्यावा, अशी त्यात तरतूद होती.

नव-ॲसिरियन साम्राज्यात (इ.स.पू. नववे ते सातवे शतक) सूळ हे युद्धनीतीचे अंग बनले. राजांच्या शिलालेखांत बंडखोर नगरांतील लोकांना वेशीभोवती सुळावर दिल्याचे उल्लेख अभिमानाने केलेले आहेत. सेन्नाचेरिब राजाने इ.स.पू. ७०१ मध्ये यहूदा राज्यातील लाखीश नगर जिंकले. त्या वेढ्याची शिल्पपट्टी त्याच्या निनेवे येथील राजवाड्यात कोरलेली होती व ती आता लंडन येथील ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यात तटाबाहेर सुळावर दिलेले तीन नग्न पुरुष दिसतात. शाल्मनेसर तिसरा याच्या काळातील बालावात येथील काशाच्या दारपट्ट्यांवरही अशी दृश्ये आहेत. ही शिल्पे राजवाड्यात येणाऱ्या मांडलिकांनी व परदेशी दूतांनी पाहावीत अशा ठिकाणी होती. त्यामुळे ती घटनेची नोंद असण्याबरोबरच राजकीय इशाराही होती असे इतिहासकार मानतात.

इजिप्तमध्ये या शिक्षेसाठी ‘लाकडाच्या टोकावर ठेवणे’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग होता. नव्या राज्याच्या अखेरच्या काळात राजांच्या थडग्यांतील चोऱ्यांची चौकशी झाली. तिच्या पपायरसवरील नोंदींत साक्षीदार ‘खोटे बोललो तर मला लाकडावर ठेवावे’ अशा आशयाची शपथ घेताना दिसतात.

इराणमधील हखामनी सम्राट पहिला दारयवौश (राज्यकाल इ.स.पू. ५२२–४८६) याने बेहिस्तून येथील शिलालेखात आपल्याविरुद्ध उठलेल्या अनेक बंडखोरांच्या शिक्षा नोंदवल्या आहेत. मीडियातील फ्रवर्तिश याचे नाक, कान व जीभ कापून, एक डोळा फोडून त्याला राजवाड्याच्या दारात बांधून ठेवण्यात आले. सर्व लोकांनी त्याला पाहिल्यानंतर एकबताना येथे त्याला सुळावर देण्यात आले. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने बॅबिलोन पुन्हा जिंकल्यावर दारयवौशाने तेथील ३,००० प्रमुख नागरिकांना सुळावर दिल्याचे लिहिले आहे.

रोमन साम्राज्यात क्रूसावर देणे ही गुलाम व बंडखोर यांच्यासाठीची नेहमीची शिक्षा होती. मात्र सूळ तेथे अपरिचित नव्हता. तत्त्वज्ञ सेनेका याने आपल्या लेखनात छळाचे विविध प्रकार सांगताना शरीरात खांब घालण्याचाही उल्लेख केला आहे.

प्राचीन भारत

धर्मशास्त्र व अर्थशास्त्र

कौटिलीय अर्थशास्त्राच्या ‘कंटकशोधन’ या चौथ्या अधिकरणात शूलारोपणाची शिक्षा सांगितली आहे. बळजबरीने स्त्री किंवा पुरुषाची हत्या करणारे, वाटमारी व घरफोडी करणारे, तसेच राजाचे हत्ती, घोडे किंवा रथ यांची चोरी अथवा नाश करणारे यांना सुळावर चढवावे, असे तेथे म्हटले आहे. अशा व्यक्तीचा देह जो जाळील किंवा हलवील त्यालाही तीच शिक्षा किंवा सर्वांत मोठा दंड करावा, असेही सांगितले आहे. देह सर्वांना दिसत राहणे हा शिक्षेचाच भाग होता, हे यावरून स्पष्ट होते. याच ग्रंथात यातना देऊन मारणे (चित्रवध) आणि यातनेविना मारणे (शुद्धवध) असा भेद केला असून गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार त्यांची निवड करण्यास सांगितले आहे.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात रात्री भिंत फोडून चोरी करणाऱ्यांचे हात तोडून त्यांना तीक्ष्ण सुळावर बसवावे असे सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत माणसांना कैद करून नेणारे, घोडे व हत्ती चोरणारे आणि बळाने हत्या करणारे यांना ही शिक्षा सांगितली आहे. गुन्ह्यांच्या या याद्या अर्थशास्त्रातील यादीशी मिळत्याजुळत्या आहेत.

शास्त्रग्रंथांतील विधान म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार असे मात्र समजता येत नाही. सम्राट अशोकाने आपल्या चौथ्या स्तंभलेखात मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत देण्याची आज्ञा नोंदवली आहे. त्यात वधाचा प्रकार सांगितलेला नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेल्या फाहियान या चिनी प्रवाशाने मध्यदेशात देहदंड दिला जात नाही, बहुतेक गुन्ह्यांना द्रव्यदंड होतो, असे लिहिले आहे.

साहित्यातील उल्लेख

महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींची कथा ही भारतीय परंपरेतील सुळाची सर्वांत प्रसिद्ध कथा होय. मौनव्रत धारण केलेल्या मांडव्यांच्या आश्रमात चोर लपले. राजाच्या रक्षकांनी विचारलेल्या प्रश्नांना ऋषींनी उत्तर दिले नाही. मुद्देमाल आश्रमात सापडल्यावर चोरांबरोबर ऋषींनाही सुळावर चढवण्यात आले. तपोबळाने ते जिवंत राहिले. राजाने क्षमा मागून सूळ काढण्याचा प्रयत्न केला, पण तो निघेना. अखेर तो बाहेरून कापण्यात आला व टोक (अणी) शरीरातच राहिले. यावरून त्यांना अणीमांडव्य हे नाव मिळाले. हा भोग कशामुळे वाट्याला आला असे त्यांनी धर्माला विचारले, तेव्हा बालपणी एका किड्याला गवताची काडी टोचल्याचे हे फळ असल्याचे उत्तर मिळाले. अल्प अपराधाला इतकी मोठी शिक्षा दिल्याबद्दल त्यांनी धर्माला मनुष्यजन्माचा शाप दिला. तोच विदुराचा जन्म होय. चौदा वर्षे वयापर्यंत केलेल्या कृत्याचे पाप लागणार नाही अशी मर्यादाही त्यांनी घालून दिली. निरपराध्याला शिक्षा, अपराध आणि दंड यांचे प्रमाण आणि बालवयातील उत्तरदायित्व हे न्यायशास्त्रातील तीन मूलभूत प्रश्न या एका कथेत मांडलेले आहेत.

मार्कंडेय पुराणात याच कथेला जोडून दुसरी कथा येते. रोगी पतीला खांद्यावरून नेणाऱ्या एका पतिव्रतेच्या पतीचा पाय अंधारात सुळावरील मांडव्यांना लागला. वेदना वाढल्याने ऋषींनी सूर्योदयाबरोबर तो मरेल असा शाप दिला. पतिव्रतेने सूर्योदयच थांबवला. पुढे अत्रिपत्नी अनसूयेने मध्यस्थी करून सूर्योदय घडवला व मृत पतीला जिवंत केले. त्याबद्दल देवांकडून मिळालेल्या वरामुळे तिला दत्तात्रेयांसह तीन पुत्र झाले. महाराष्ट्रातील दत्त संप्रदायात अनसूयेच्या पातिव्रत्याच्या कथा परिचित आहेत. या कथेचा आरंभ सुळावरील ऋषीपासून होतो.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या नाटकात निरपराध चारुदत्ताला वसंतसेनेच्या खुनाच्या खोट्या आरोपावरून राजा पालक सुळाची शिक्षा देतो. गळ्यात तांबड्या कण्हेरीची माळ आणि खांद्यावर सूळ अशा अवस्थेत, दवंडी पिटत त्याला स्मशानाकडे नेण्याचे दृश्य दहाव्या अंकात आहे. दंडित व्यक्तीला मिरवत नेण्याच्या तत्कालीन प्रथेचे ते महत्त्वाचे वाङ्मयीन साक्ष मानले जाते. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत मृच्छकटिक’मुळे हे कथानक मराठी रंगभूमीवर लोकप्रिय झाले.

बौद्ध जातककथांत पत्नीच्या हट्टाखातर राजाच्या बागेतील करडईची फुले चोरणाऱ्या एका गरीब माणसाला सुळावर दिल्याची कथा आहे. वेताळपंचविशीत सुळावर दिल्या जाणाऱ्या चोरावर प्रेम जडलेल्या श्रीमंत वाण्याच्या मुलीची कथा येते. जैन परंपरेत चंपानगरीच्या सुदर्शन श्रेष्ठीची कथा प्रसिद्ध आहे. राणीने केलेल्या खोट्या आरोपामुळे त्याला सुळावर देण्यात आले, परंतु त्याच्या शीलाच्या प्रभावाने सुळाचे सिंहासन झाले, अशी ती कथा आहे. या कथांपैकी बहुतेकींत सुळावर जाणारा निरपराध किंवा दयनीय असतो.

मध्ययुगीन भारत

दक्षिण भारतात सुळाशी निगडित सर्वांत वादग्रस्त आख्यायिका मदुराईची आहे. शैव संत संबंदर यांनी सातव्या शतकात जैन मुनींना वादात व चमत्कारांच्या स्पर्धेत हरवले, पांड्य राजा शैव झाला आणि हरलेले ८,००० जैन सुळावर गेले, असे तमिळ शैव परंपरा सांगते. हा प्रसंग बाराव्या शतकातील सेक्किळार यांच्या ‘पेरियपुराणम्’ या ग्रंथात विस्ताराने येतो. घटनेचा मानला गेलेला काळ आणि तिचे पहिले वाङ्मयीन उल्लेख यांत काही शतकांचे अंतर आहे. समकालीन शिलालेखांत अथवा जैन ग्रंथांत तिचा आधार मिळत नाही. तसेच मदुराई परिसरात त्यानंतरही जैन वस्ती टिकून होती. या कारणांमुळे अनेक अभ्यासक हा प्रसंग ऐतिहासिक न मानता संप्रदायांतील स्पर्धेतून निर्माण झालेली कथा मानतात. तमिळनाडूतील काही मंदिरांत या प्रसंगाची चित्रे व शिल्पे आहेत.

तमिळ लोकधर्मात सुळाला वेगळे स्थान मिळाले आहे. कात्तवरायन या लोकदैवताच्या कथेत नायक सुळावर जातो. त्याच्या उत्सवात कळुमरावर चढण्याचा प्रसंग सादर केला जातो. अन्यायाने किंवा अकाली मारला गेलेला मनुष्य पुढे ग्रामरक्षक देव होतो, या लोकश्रद्धेचे हे उदाहरण आहे.

चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने मदुराईच्या सुलतानाच्या छावणीतील शिक्षांचे प्रत्यक्षदर्शी वर्णन लिहिले आहे. पकडलेल्या कैद्यांच्या खांद्यावर दोन्ही टोके तासलेले खांब देऊन त्यांना चालवत नेले जाई आणि दुसऱ्या सकाळी छावणीच्या चार दरवाजांवर त्याच खांबांवर सुळी दिले जाई, असे तो सांगतो. स्त्रिया व मुलांचीही हत्या होत असे. या कृत्याबद्दल त्याने तीव्र घृणा व्यक्त केली आहे.

मुघल काळातील सर्वाधिक परिचित घटना १६०६ मधील आहे. जहांगीराचा मुलगा खुसरो याने बापाविरुद्ध केलेले बंड मोडल्यावर लाहोर येथील मिर्झा कामरानच्या बागेपासून नगराच्या दरवाजापर्यंत रस्त्याच्या दुतर्फा खांब उभारून बंडखोरांना टांगण्याची व सुळी देण्याची आज्ञा बादशहाने दिली. तिचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्या अनुयायांची ही दशा पाहावी म्हणून खुसरोला हत्तीवर बसवून त्या रांगांमधून नेण्यात आले.

मराठेशाहीत देहान्त शासनासाठी शिरच्छेद, फाशी, कडेलोट, हत्तीच्या पायी देणे आणि तोफेच्या तोंडी देणे असे प्रकार रूढ होते. सुळाची आठवण मराठी भाषेने मुख्यतः म्हणी व वाक्प्रचारांत जपली आहे.

युरोप

पवित्र रोमन साम्राज्याच्या १५३२ च्या फौजदारी संहितेत नवजात बालकाची हत्या करणाऱ्या स्त्रीला बुडवून मारण्याची शिक्षा होती. जेथे असे गुन्हे वारंवार घडतात तेथे जिवंत पुरून खांब खुपसण्याची जुनी प्रथा चालू ठेवण्यास परवानगी होती.

सुळाशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव वालाकियाचा (आजच्या रोमेनियाचा दक्षिण भाग) राजा तिसरा व्लाद याचे आहे. त्याने १४४८, १४५६–६२ आणि १४७६ अशा तीन वेळा राज्य केले. त्याला मरणोत्तर मिळालेले ‘त्सेपेश’ हे टोपणनाव रोमेनियन भाषेतील सूळ या अर्थाच्या शब्दापासून आले आहे. तुर्क लोक त्याला त्याच अर्थाने ‘काझिकली’ म्हणत. ट्रान्सिल्वेनियातील जर्मन व्यापारी, विरोधक सरदार आणि उस्मानी कैदी हे त्याचे प्रमुख बळी होते. १४६२ मध्ये उस्मानी सुलतान दुसरा महंमद त्याच्या राजधानीजवळ आला असता सुमारे २०,००० लोकांना सुळावर दिलेले एक विस्तीर्ण मैदान त्याला दिसले, असे बायझंटाईन इतिहासकार खाल्कोकोन्डिलिस याने लिहिले आहे.

व्लादच्या क्रौर्याच्या कथा पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन भाषेतील छापील पुस्तिकांमधून युरोपभर पसरल्या. मुद्रणकलेच्या आरंभीच्या काळात अशा पुस्तिकांना मोठी मागणी होती आणि त्या त्याच्या शत्रूंच्या माहितीवर आधारलेल्या होत्या. त्यामुळे त्यांतील आकडे अतिरंजित मानले जातात. स्लाव्ह भाषेतील कथांत मात्र तो कठोर पण न्यायी राजा म्हणून येतो, तर रोमेनियात त्याला उस्मानी सत्तेविरुद्ध लढलेला वीर मानले जाते. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ मधील कादंबरीतील ‘ड्रॅक्युला’ हे नाव त्याच्याच घराण्याच्या उपनामावरून घेतले आहे.

रशियात पीटर द ग्रेट याने आपली परित्यक्त पत्नी युडोक्सिया हिच्याशी संबंध ठेवल्याच्या व कटाच्या संशयावरून स्तेपान ग्लेबोव या अधिकाऱ्याला मार्च १७१८ मध्ये मॉस्को येथे सुळावर दिले. सतराव्या शतकात पोलंड-लिथुएनिया आणि युक्रेनमधील कोसॅक यांच्या संघर्षातही ही शिक्षा दोन्ही बाजूंनी दिली गेली.

उस्मानी साम्राज्य आणि वसाहती

उस्मानी साम्राज्यात सूळ ही प्रामुख्याने वाटमारे व बंडखोर यांच्यासाठी असलेली शिक्षा होती. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाच्या आरंभी, एप्रिल १८२१ मध्ये, अलामाना येथील लढाईत पकडला गेलेला अथानासिओस दियाकोस याला लामिया येथे सुळावर देण्यात आले. तो ग्रीसमध्ये राष्ट्रीय हुतात्मा मानला जातो. नोबेल पारितोषिक विजेते लेखक इव्हो आंद्रिच यांच्या ‘द्रिना नदीवरील पूल’ (१९४५) या कादंबरीत पुलाच्या बांधकामात अडथळा आणणाऱ्या शेतकऱ्याला सुळावर देण्याचा प्रसंग सविस्तर येतो. जागतिक साहित्यातील या शिक्षेच्या वर्णनांत तो विशेष उल्लेखनीय मानला जातो.

ही शिक्षा केवळ ‘पौर्वात्य’ होती, असा समज युरोपीय प्रवासवर्णनांमुळे रूढ झाला. प्रत्यक्षात युरोपीय सत्तांनीही ती अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत वापरली. १४ जून १८०० रोजी कैरो येथे फ्रेंच सेनापती क्लेबर याची हत्या सुलेमान अल-हलबी या सीरियन विद्यार्थ्याने केली. फ्रेंच लष्करी न्यायमंडळाने त्याचा उजवा हात जाळून त्याला सुळावर देण्याची शिक्षा दिली व ती तीन दिवसांत अमलात आणली. फ्रान्समध्ये त्याआधीच, वेदनारहित वधाचे साधन म्हणून, गिलोटीन आले होते. सुलेमानची कवटी पुढे पॅरिसला नेण्यात आली.

डच ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील बटाव्हिया (आजचे जकार्ता) येथे १७६९ मध्ये मालकाचा खून करणाऱ्या एका गुलामाला सुळावर दिल्याचे वर्णन डच दर्यावर्दी स्टाव्होरिनस याने केले आहे. महत्त्वाचे अवयव टाळून खांब घातल्याने तो दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत होता व पाणी मागत होता. पाऊस पडल्यानंतर थोड्याच वेळात त्याचा मृत्यू झाला.

शिक्षेचा हेतू

सुळाचा हेतू केवळ प्राण घेणे हा नव्हता. प्रथम, ती दीर्घकाळ दिसत राहणारी शिक्षा होती. रस्ता, वेस किंवा तट येथे उभारलेला सूळ येणाऱ्या-जाणाऱ्यांना सत्तेची आठवण करून देई. दुसरे, ती मानहानी करणारी होती. नग्नता, मिरवणूक, स्वतःचा सूळ स्वतः वाहून नेणे आणि अंत्यसंस्कारास नकार हे त्याचे भाग होत. तिसरे, तिच्यासाठी फारशी साधने लागत नसत. लाकूड कोठेही मिळत असल्याने मोहिमेवरील सैन्यालाही ती देता येई. म्हणूनच दरोडा आणि बंड, म्हणजे जेथे राज्याची पकड सैल वाटते असे गुन्हे, यांच्याशी ती वारंवार जोडलेली दिसते.

बळींच्या संख्येबाबत मात्र सावधगिरी आवश्यक ठरते. ॲसिरियन राजे आणि त्यांच्यासारखे विजेते दहशत वाढवण्यासाठी, तर व्लादचे विरोधक त्याची बदनामी करण्यासाठी आकडे फुगवत. मदुराईच्या कथेत मोठी संख्या धार्मिक विजयाची खूण बनली आहे. सुळाच्या इतिहासाची बरीचशी साधने अशी हेतुपुरस्सर लिहिलेली असल्याने ती परस्परांशी ताडून पाहावी लागतात.

शिक्षेचा अंत

अठराव्या शतकात युरोपात यातनामय शिक्षांविरुद्ध विचार मांडले जाऊ लागले. इटालियन विचारवंत चेझारे बेक्कारिया यांनी १७६४ मधील आपल्या ग्रंथात, शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा ती निश्चितपणे होणे हेच गुन्हे रोखते, असे प्रतिपादन केले. उस्मानी साम्राज्यात १८३९ पासून सुरू झालेल्या ‘तंजीमात’ सुधारणांच्या काळात सूळ मागे पडला.

भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात जुन्या देहदंडांची जागा फाशीने घेतली. मुंबई इलाख्यात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत तयार झालेल्या १८२७ च्या कायदेसंग्रहाने गुन्हे व शिक्षा यांची लेखी व्याख्या केली. १८६० ची भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. मृत्युदंड फाशीनेच द्यावा ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत करण्यात आली व ती आजही कायम आहे. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची पद्धत वैध ठरवली. मृत्युदंड देताना अनावश्यक वेदना, क्रौर्य व विटंबना होता कामा नये, हा निकष त्या निर्णयात विचारात घेतला होता.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पाचव्या कलमाने यातना आणि क्रूर, अमानुष वा मानहानिकारक शिक्षा निषिद्ध ठरवली. १९६६ चा नागरी व राजकीय हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार आणि १९८४ चा यातनाविरोधी करार यांनी हीच बंदी अधिक स्पष्ट केली. वेदना, प्रदर्शन आणि विटंबना हे सुळाचे तीनही घटक या तरतुदींच्या कक्षेत येतात.

मराठी भाषेतील सूळ

शिक्षा नाहीशी झाली तरी तिचे पडसाद मराठी भाषेत टिकून आहेत. ‘सुळावरची पोळी’ म्हणजे मिळवताना जिवावर बेतेल असा लाभ किंवा अतिशय धोक्याचे काम. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण खरा अपराधी सुटून निरपराध्याला शिक्षा होणे या अर्थाने वापरली जाते. तिचेच ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ हे रूप आज अधिक ऐकू येते. सुळाची जागा फाशीने घेतल्याचा कायद्यातील बदल म्हणीच्या या दोन रूपांतही उमटलेला दिसतो. मांडव्य ऋषींच्या कथेशी या म्हणीचा आशय जुळतो. ‘सुळावर चढवणे’ हा प्रयोग एखाद्याला जाणूनबुजून संकटात लोटणे किंवा बळीचा बकरा करणे अशा लाक्षणिक अर्थानेही रूढ आहे.

हे सुद्धा पाहा

फाशी
शिरच्छेद
कडेलोट
वधस्तंभ
मृत्युदंड
अणीमांडव्य
तिसरा व्लाद
कौटिलीय अर्थशास्त्र